सवतीचा टाक

नवऱ्याचं नाव बायकोनं घेऊ नये म्हणतात. मी घेते. खुशाल. अमरावतीच्या सराफ्यातलं बापजाद्यांचं सोनारकाम सोडून हा माणूस काचेवर तसबिरी काढायला लागला, आणि ज्या साली वऱ्हाडातल्या सोनारांना जेवायला सवड नव्हती त्याच साली आमची भट्टी थंड पडली. अमेरिकेत लढाई चालली होती, तिकडची रूई विलायतेला जायची बंद झाली होती, म्हणून आमच्या काळ्या मातीतल्या रूईला न भूतो असा भाव आला होता. भातकुलीकडचे कास्तकार बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवून घेत होते. शेंब्या शेजारचा सोनार करायचा. आमचा खुशाल परसात काचा धूत बसलेला.

मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. मला जाळत होती ती वेगळीच गोष्ट, आणि तिचं नाव जयवंता.

जयवंता त्याची पहिली बायको. मी या घरात यायच्या आधीच तापानं गेलेली. मी तिला कधी पाहिलं नाही. पण लग्नात माझ्या गळ्यात मंगळसूत्राच्या आधी तिचा टाक बांधला गेला. आमच्यात रीतच आहे तशी. पहिली मेली की दुसरीनं तिच्या नावाचा टाक घालायचा. नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली एक बाई, आणि काळा दोरा. जिवंत असलेलीनं मेलेल्या सवतीला असं गळ्याशी बाळगायचं, म्हणजे ती रागावत नाही. टाकावरची बाई नेहमी उभी असते. नाकडोळे म्हणजे तीन ठिपके. कुठल्याही सोनाराला विचारा, यापेक्षा जास्त कुणी कोरत नाही. माझ्या गळ्यातला टाक खुशालनं स्वतः घडवला होता. धंदा सोडल्यावर त्यानं भट्टी पेटवली ती त्या एका कामासाठी.

नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, मग मी नेसायचं. सणाचा पहिला घास टाकाला. संक्रांतीचं वाण आधी टाकापुढं. म्हणजे या घरात आलेली एकूण एक वस्तू मला उष्टी मिळायची. बोलायची सोय नव्हती, कारण मेलेल्या बाईचा हेवा करणारी बाई म्हणजे वेडी. मी वेडी नव्हते. हेवा मात्र करत होते, आणि पोटभर करत होते.

त्यात हे तसबिरीचं खूळ. तसबिरीला माणूस स्थिर बसावा लागतो. तसबीर उतरवणाऱ्या पेटीच्या डोळ्यावरचं, म्हणजे पुढच्या भिंगावरचं, झाकण काढलं की पुन्हा लावेपर्यंत मान, डोळे, ओठ, काही हलवायचं नाही. खुशाल गिऱ्हाइकाच्या मानेमागं एक लोखंडी आकडासुद्धा लावायचा, डोकं डुलू नये म्हणून. लग्न झाल्यावर त्यानं मलाही त्या खुर्चीवर बसवलं. एकदा नाही, कितीतरी वेळा. दर वेळी तेच. लुगड्याच्या निऱ्या स्वच्छ, हात स्वच्छ, बांगड्या मोजता याव्यात अशा, आणि तोंडाच्या जागी, पाण्यात बोट फिरवावं तसं, पुसलेलं. मला बसवत नसे, काय करू? कुणी टक लावून पाहिलं की माझी मान आपोआप फिरायची.

"हाललीस," खुशाल म्हणायचा, आणि काच खरवडून टाकायचा.

सासू, माणिकबाई, दारात बसून सरकी निवडत हे सगळं ऐकायची. "जयवंता बसे तं मुंगी चढे तिच्या हातावर," ती म्हणायची. "पण पोरगी ढळत नसे. तू तं भिंगरी हायस वं शकुन."

एक समाधान होतं. जयवंतेची एकही तसबीर घरात उरली नव्हती. काचा महाग, म्हणून त्यानं तिच्या सगळ्या काचा खरवडून त्यांच्यावर गिऱ्हाइकांच्या तसबिरी काढल्या होत्या. व्यापारी, मुनीम, कुणाकुणाची पगडी. त्या सगळ्यांच्या खाली ती गाडली गेली होती. मला ते बरं वाटायचं.

कार्तिकात कापसाच्या साहेबाचं काम आलं. परकोटाच्या बाहेर, नागपुरी दरवाजाच्या पलीकडं, हंगामात उघड्यावर रूईचे ढीग पडायचे. घरांएवढे ढीग. सरकीचा उग्र वास, शेणाचा वास, आणि हवेत तरंगणारा पिंज. तो केसांत अडकायचा, भाजीत पडायचा, झोपेत नाकात जायचा. साहेबाला त्या बाजाराची तसबीर विलायतेला पाठवायची होती. दिवसा काढली तर गाड्या, बैल, हमाल, दलाल सगळे हलते. काचेवर नुसता चिखल उमटला. खुशाल म्हणाला, रात्री काढतो. चांदण्यात.

साहेब हसला म्हणे. हसण्यासारखंच होतं. ही काच ओली असतानाच पेटीत घालायची असते, सुकली की मेली. आणि चांदण्याचा उजेड इतका कमी की काच अर्धी रात्र उघडी ठेवायला पाहिजे. खुशालनं त्यावर उपाय काढला होता. मेळघाटातून कोरकू बाया मध विकायला यायच्या. त्या मधात पावसाचं पाणी मिसळून ते काचेवरून फिरवायचं. मध सुकत नाही, काचही सुकत नाही. मग तीन पायांच्या घोडीवर पेटी बसवायची, झाकण काढायचं, आणि चंद्र डोक्यावरून कलेपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही.

मधाला मुंग्या येणारच. म्हणून घोडीच्या तिन्ही पायांभोवती राखेचं कडं घालायचं. ते काम माझं. काच बुडवतात ते चांदीचं पाणी भरायचं, तसबीर उमटवणारा हिराकस विरघळवायचा, काचा पुसायच्या, सगळी काळी कामं माझी. त्या पाण्यानं बोटं काळी होतात आणि धुतली तरी जात नाहीत.

पहिली काच सुरेख आली. ढीग बर्फासारखे पांढरे, गाड्यांचे दांडे आभाळाकडं, आणि माणूस एकही नाही. बाजाराचा राखणदार नबी दुसऱ्या दिवशी पाहायला आला. आपली तसबीर निघाली असणार म्हणून डोक्याला तेल लावून आला होता.

"खुशालभाऊ, मी रातभर इथंच फिरून राह्यलो होतो ना? मंग मी गेलो कुठं?"

"तू हालून राह्यला होता. जे हालते ते काचेवर येत नाई."

"अन् हा बैल?"

"बैल बसला होता."

नबीनं काच उजेडाकडं धरली. त्याच्या कंदिलाचा तेवढा एक पांढरा दोरा ढिगांमधून फिरला होता. "म्हणजे साहेबाच्या मुलुखात बैल जाईन अन् नबी राहीन," तो म्हणाला, आणि आम्ही तिघंही हसलो.

साहेबाला आणखी पाहिजे होत्या. पण चांदीचं पाणी कमी कमी लागू पडायला लागलं होतं. काचा फिक्या येऊ लागल्या. मुंबईहून चांदीच्या खड्यांची बाटली यायची होती ती वाटेत कुठं अडकली, कुणास ठाऊक. खुशाल सोनाराचा पोर. तेजाबात चांदी विरघळवून पाणी जड करणं त्याच्या हातचा मळ. फक्त चांदी पाहिजे होती, तीही थोडीच.

"वाळे दे तुझे," तो म्हणाला. "हंगाम संपला की नवे घडवून देतो."

वाळे माझ्या मायनं दिले होते. मी पायाकडं पाहिलं. मग गळ्यातला दोरा वर ओढला, टाक दातानं सोडवला आणि त्याच्यापुढं पाटावर ठेवला.

त्यानं टाक बोटानं उलटा करून पाहिला. मग म्हणाला, "हे कसं देऊन राह्यली?"

"चांदीच हाय ना?"

"चांदीच हाय."

"का आणखी काई हाय?"

आणखी काही आहे असं तो म्हणाला असता, तर मला जे ऐकायचं नव्हतं ते ऐकायला मिळालं असतं. त्याला ते कळत होतं. त्यानं टाक उचलला. मी त्याच्या हातावर ठेवला नाही की त्यानं माझ्याकडून हिसकावला नाही. दोघांनी मिळून केलं ते.

चिनी मातीच्या भांड्यात तेजाब ओतला, टाक सोडला. पिवळा-तांबडा धूर निघाला, घसा धरला. खुशाल तोंडाला फडकं लावून दारात जाऊन उभा राहिला. मी वाकून पाहत होते. आधी पाय गेले. मग निऱ्या. मग हात. तीन ठिपके शेवटपर्यंत होते. मग नुसतं हिरवट पाणी उरलं.

काळा दोरा मी गळ्यात तसाच ठेवला. पदराखाली काय आहे नि काय नाही, सासू थोडीच पाहणार होती? त्या रात्री मला अशी झोप लागली की लग्नानंतर कधी लागली नव्हती.

त्यानंतरच्या पहिल्याच खेपेला मुंग्या आल्या नाहीत. मी राख टाकत होते म्हणूनच माझ्या ध्यानात आलं. एरवी त्या राखेच्या कडेकडेनं फिरायच्या, वाट शोधायच्या. त्या रात्री त्यांची रांग घोडीपासून बरीच लांब येऊन वळली आणि गेली. थंडी पडली असेल, मी म्हटलं. थंडीत मुंग्या कमी होतात हे कुणालाही माहीत आहे.

काच मात्र लख्ख आली. आधीच्या कुठल्याही काचेपेक्षा लख्ख. आणि सगळ्यात मागच्या ढिगाच्या पायथ्याशी, तांदळाच्या दाण्याएवढी, एक बाई उभी होती.

"जुनी काच हाय," खुशाल म्हणाला. "खरवडली तरी कधी कधी खालची तसबीर वर येते. आंबटात नीट धुतली नसंन."

हे खोटं नव्हतं. असं होतं. मागं एका मुनिमाच्या खांद्यावर आधीच्या गिऱ्हाइकाचा कान उमटला होता आणि तो मुनीम चिडून गेला होता. मी मान हलवली. काचा धुणारी मीच होते, म्हणून पुढच्या काचा मी आंबटात, म्हणजे पातळ तेजाबात, बुडवून ठेवल्या, राखेनं घासल्या, फडक्यानं पुसून उजेडात धरून पाहिल्या. त्यांच्यावर काही नव्हतं.

पुढच्या काचेवर ती अलीकडच्या ढिगापाशी उभी होती. आता बोटाच्या पेराएवढी. पाठमोरी. अंबाडा दिसत होता.

खुशालनं त्या काचेवरून तसबिरीचे कागद काढले आणि वाळायला अंगणात दोरीवर अडकवले. साहेबाला द्यायचे होते. सासू तुळशीला पाणी घालून परत येताना थांबली. तिनं एक कागद डोळ्यांजवळ नेला. मी स्वयंपाकघरातून पाहत होते.

"खुशाल," ती म्हणाली, "जयवंता थंडीत काऊन उभी हाय रे?"

असं म्हणाली, जसं पोर पावसात खेळतंय म्हणून विचारावं. मग कागद सोडून दिला आणि आत येऊन चुलीशी हात शेकत बसली. मी तिला विचारलं, आत्याबाई, कशावरून? पाठ तर आहे. ती माझ्याकडं पाहून म्हणाली, "असं उभं राहाले कोणाले जमते?"

साहेबाचं काम त्या पंधरवड्यात संपलं. खुशालचं संपलं नाही. मार्गशीर्षाचं चांदणं लागलं तसा तो पुन्हा घोडी खांद्यावर टाकून निघायला लागला. दिवसाच्या गिऱ्हाइकांना परत पाठवायचा. दुपारी अंधार करून झोपायचा, उठला की भिंग घेऊन काचा पाहायचा. मी ताट वाढून बसायची आणि भाकरी वातड व्हायची. रात्री मला बरोबर न्यायचा नाही. राख मी टाकून घेईन, म्हणायचा. राखेची गरज नव्हती हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मी त्याच्या अंगाचा वास घेतला आहे. हो, घेतला आहे. सवत असलेली कुठलीही बाई घेते. काचेवर ओततात त्या इथरचा वास, मधाचा वास, पिंजाचा वास. दुसरा कसलाच नाही. तेच मला सहन होत नव्हतं. दुसरा वास असता तर भांडायला एक बाई तरी मिळाली असती.

एका सकाळी मी नबीच्या घरी गेले. त्याची बायको हलीमाबी बाजेवर गोधडी टाकत होती. तिनं मला बसायला सांगितलं, मी बसले नाही. नबीला सरळ विचारलं, रात्री तिथं कुणी बाई येते का?

नबीनं बायकोकडं पाहिलं. मग म्हणाला, "नाई वहिनी. खुदा की कसम, कोनी येत नाई. मी घडीभर बसत नाई आता, मले बसवत नाई तिथं. पण कोनी येत नाई."

"मंग?"

"खुशालभाऊ बोलते."

"कोणाशी?"

"पेटीच्या बाजूनं उभं राहून, समोर पाहून. 'थकली काय' म्हणते. लई हळू म्हणते."

घरी येताना मी सराफ्यातून आले नाही, मागच्या बोळातून आले. मला कुणी तोंड पाहायला नको होतं. दिवसभर काचा धुवून बोटं काळी करणाऱ्या बाईला त्यानं लग्नापासून एकदाही ते विचारलं नव्हतं.

पौषात साहेबाचा निरोप आला की अकोल्याच्या बाजाराचीही तशीच तसबीर पाहिजे. त्यानं मुंबईहून नव्या कोऱ्या काचांची पेटी पाठवली होती. प्रत्येक काच इंग्रजी कागदात गुंडाळलेली, कुणाचा हात न लागलेली. खुशालनं त्यातली एक अमरावतीलाच वापरून पाहिली. मी त्याच्या आधी उठून ती काच पाहिली. ती होती. आता वीतभर. आणि वळत होती. गाल दिसत होता, कानातलं दिसत होतं. कोऱ्या काचेखाली गाडलेलं काही नसतं. हे मी त्याला बोलून दाखवलं नाही. त्यालाही मला काही समजावावं लागलं नाही. घरात या विषयावर बोलणंच संपलं होतं.

"मी येते अकोल्याले," मी म्हणाले.

"तिथं काय हाय तुह्यं?"

"तुमचं काय हाय?"

त्यानं मला घेतलं.

छकड्यावर काळं कापड ताणून केलेली त्याची अंधाराची खोली, तिच्या मागं मी बसले. चांदीच्या पाण्याची बरणी माझ्या दोन गुडघ्यांमध्ये, फुटू नये म्हणून. वाट रूईच्या गाड्यांनी भरलेली. मूर्तिजापूरच्या पुढं एके ठिकाणी बैल सोडले तेव्हा खुशाल पाणी आणायला गेला आणि मी बरणीचं झाकण काढलं. एक झटका दिला असता की काळ्या रानात सगळं जिरून गेलं असतं. मी आत पाहिलं. बैल नसलेलं छकडं स्थिर होतं, बरणी स्थिर होती, तरी पाण्यात माझं तोंड फुटत होतं.

मी ते ओतलं नाही. दया म्हणून नाही. ओतलं असतं तर तो रडला असता, आणि माझ्यासमोर बसून तो तिच्यासाठी रडलेला मला चालला नसता.

झाकण लावताना मी दुसरंच ठरवलं. ती जिथं उभी राहते तिथं मी बसेन. काचेवर जागा एकच असते. एका जागी मी असले तर तिथं दुसरी कशी येईल? पुसलं तोंड घेऊन नाही. नीट, निऱ्यांपासून केसांपर्यंत. मग तो भिंग घेऊन मला पाहील.

अकोल्याचा बाजार मोर्णा नदीच्या काठानं पसरला होता. असदगड किल्ल्याच्या भिंतीची सावली अर्ध्या मैदानावर, अर्ध्यावर चांदणं. इथं नुसते ढीग नव्हते. दाबून बांधलेल्या गाठी होत्या, काथ्यानं आवळलेल्या, एकावर एक रचलेल्या. एक गाठ सुटी पुढं पडली होती. खुशालनं घोडी तिच्यासमोर मांडली. जवळच. गाठीवर माणूस बसला तर कमरेपासून काच भरून जाईल इतकी जवळ. एरवी तो लांबून काढायचा.

मी म्हटलं, मी बसते तिथं.

तो नाही म्हणेल असं मला वाटलं होतं. भांडायची तयारी होती माझी. तो म्हणाला, "बस. पण हालू नको."

मी गाठीवर बसले. पदर नीट केला. पाय गाठीला टेकवले, हात मांडीवर ठेवले. त्यानं काळं कापड डोक्यावर घेऊन पाहिलं, काच सरकवली, झाकण काढलं. मग पेटीच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

आधी मान दुखली. मग पाठ. मग काहीच दुखेनासं झालं. नदीकडून गार वारा येत होता आणि गाठीतली रूई उबदार होती. मी गडाच्या भिंतीवरच्या एका दगडावर नजर लावली. सावली त्या दगडावर चढली, त्याच्यावरून गेली. मी पापणीसुद्धा जपून मिटली.

एक मुंगी माझ्या हातावर चढली. मनगटावरून कोपरापर्यंत गेली, थांबली, परत फिरली. मी हात हलवला नाही. सासूनं पाहायला पाहिजे होतं.

मग खुशाल बोलला.

"थकली काय?"

हळू. नबी म्हणाला होता तसं. मला इतकं सुख झालं की मी ओरडलेच असते. ओरडले नाही. ओठ हलले असते.

"थोडं राह्यलं," तो म्हणाला. "अशीच राय."

मी डोळे न हलवता त्याच्याकडं पाहायचा प्रयत्न केला. चांदणं त्याच्या तोंडावर होतं. तो माझ्याकडं पाहत नव्हता. माझ्या खांद्याच्या थोडं वर पाहत होता.

मी मागं वळले नाही.

गळ्यापाशी, जिथं टाक असायचा तिथं, नखाएवढी जागा गार पडली होती. बाकी अंग उबदार.

मी वळले नाही. शपथेवर सांगते, मी हालले नाही.

झाकण लावल्याचा आवाज आला. तो काच घेऊन छकड्यातल्या अंधारात शिरला. मी उठले तेव्हा पाय माझे नव्हते. छकड्यापर्यंत धरत धरत गेले. आतून हिराकसाचा वास, पाण्याचा आवाज. मग तो काच घेऊन बाहेर आला, कंदिलाजवळ काळ्या कापडावर टेकवून त्यानं ती पाहिली.

पुष्कळ वेळ पाहिली.

"हाललीस," तो म्हणाला. माझ्याकडं न पाहता. मग काच तिथंच ठेवून बैलांना पाणी दाखवायला नदीकडं गेला. भिंग कापडावर राहिलं होतं.

मी खाली बसले.

गाठ होती. काथ्याचा पेड न् पेड दिसत होता, त्यात अडकलेला सरकीचा एक दाणा दिसत होता. गाठीवर कुणी नव्हतं. मी जिथं बसले होते तिथं काथ्या सरळ पलीकडं गेला होता.

गाठीच्या मागं जयवंता उभी होती. कमरेपासून वर, काच भरून. समोर तोंड. मी तिला पहिल्यांदा पाहत होते. सुंदर नव्हती. माझ्याहून तर नव्हतीच. पण पापण्यांचे केससुद्धा वेगळे वेगळे आले होते. थकलेली दिसत नव्हती.

तिच्या गळ्यात काळा दोरा होता.

मी भिंग उचललं. दोरा स्वच्छ आला होता, त्याची गाठ स्वच्छ आली होती. दोऱ्यात नखाएवढा टाक होता, नवा, चकचकीत, नुकताच भट्टीतून काढल्यासारखा. भिंग जवळ नेलं.

टाकावरची बाई उभी नव्हती. खुर्चीवर बसलेली होती. निऱ्या स्वच्छ, हात स्वच्छ, बांगड्या मोजता याव्यात अशा. आणि तोंडाच्या जागी, पाण्यात बोट फिरवावं तसं, पुसलेलं.